हॅम्बर्गचं बाळंतपण

दिवस गेल्याची बातमी पोरीने नवऱ्यानंतर सगळ्यात आधी कुणाला सांगावी? आईला. प्रीताने सांगितली सुईणीला. हॅम्बर्गमधली कुठलीशी सुईण, जिचं नाव-गाव तिला आदल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. "मावशी, इथे अगदी सुरुवातीलाच बुक करावं लागतं, नाहीतर मिळतच नाही," असं तिने मला नंतर समजावलं. जसं काही लग्नाचं कार्यालयच. आणि इकडे ओहायोत बसलेल्या तिच्या आईला कळलं ते तीन महिने उलटून गेल्यावर. जिने आमच्या अख्ख्या डब्लिनची बाळंतपणं काढली, तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी काही त्यांची सख्खी कुणी नाही.

पद्मिनीताई कोण ते आधी सांगते, म्हणजे तुम्हालाही राग येईल.

आमचं डब्लिन म्हणजे आयर्लंडचं नव्हे, कोलंबस शहराच्या कडेचं. मक्याच्या शेतांवर उठलेल्या वसाहती, एकसारखी घरं, आणि त्यात पुण्या-मुंबई-नागपूरहून नोकरीला आलेली आमच्यासारखी माणसं. पद्मिनीताई आणि शैलेंद्रदादा इथे आले तेव्हा आमच्यातलं कुणी नव्हतं. प्रीताच्या वेळी पद्मिनीताईंच्या आईला व्हिसाच नाकारला. कारण काय, तर म्हणे म्हातारी परत जाणार नाही असं त्या खिडकीतल्या साहेबाला वाटलं. सांगलीत दोन म्हशी आणि पाच नातवंडं सोडून ती ओहायोत काय बर्फ उपसायला राहणार होती? पण वाटलं त्याला.

हॉस्पिटलात नर्सने बाळंतिणीच्या हातात बर्फ घातलेलं पाणी दिलं. दादांना दोन दिवसांची सुट्टी. ती संपली तशी पद्मिनीताई टाके सांभाळत स्वतःच उठायच्या, स्वतःसाठी पेज करायच्या आणि उभ्याने खायच्या. "दाराची बेल वाजावी असं वाटायचं गं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "कुणीही असतं तरी चाललं असतं. पोस्टमनसुद्धा. मी दार उघडायचे आणि बाहेर बघून परत लावायचे."

मग पुढे आमच्यासारख्या पोरी यायला लागल्या, आणि पद्मिनीताई आमच्या दारांच्या बेल वाजवायला लागल्या. कुणाच्या आईचा व्हिसा अडला, कुणाची सासू आजारी पडली, की फोन पद्मिनीताईंना. त्या यायच्याच. हातात मोठी कापडी पिशवी, तिच्यात तेलाची बाटली, अळीव, डिंकाचे लाडू, ओवा, बाजरीचं पीठ आणि डोक्याला बांधायला जुनी मऊ साडी फाडून केलेले रुमाल. नात्याची नाही, गोत्याची नाही, पण आमच्यातल्या कितीतरी जणींची पोरं पहिल्यांदा त्यांच्या पायांवर न्हायली. दादा हसून म्हणायचे, "आमच्या घरी लष्कराच्या भाकऱ्या भाजतात." हसायचे, पण गाडी काढून बायकोला सोडायलाही तेच यायचे.

माझा आर्य झाला तेव्हा मी अपार्टमेंटमध्ये राहत होते. पद्मिनीताईंनी ओव्याची धुरी दिली आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. फायर ब्रिगेडचा भलामोठा ट्रक दारात. हेल्मेट घातलेला धिप्पाड माणूस आत आला, तर मी डोक्याला फडकं बांधून खाटेवर आणि खाटेखाली ग्रिलचे कोळसे. त्याने विचारलं, काय जळतंय? पद्मिनीताई शांतपणे म्हणाल्या, "मेडिसिन." दुसऱ्या दिवशी त्या शॉवर कॅप घेऊन आल्या, अलार्मवर चढवली, आणि धुरी चालू.

आणि सहा आठवड्यांनी मी ऑफिसात हजर होते. त्याहून जास्त रजा नव्हती, आणि जी होती ती बिनपगारी. दूध काढायला मला जी खोली दिली होती तिच्यात प्रिंटरची खोकी आणि ख्रिसमसचं खोटं झाड ठेवलेलं होतं. मी त्या झाडासमोर बसून रडायचे. त्या दिवसांत मी टिकले ती पद्मिनीताईंमुळे, हे मी कुणालाही, कुठेही सांगेन.

अशा बाईची ही एकुलती एक लेक.

प्रीता इथलीच. इथे जन्मली, इथेच शिकली, नवरा देवांगही न्यू जर्सीत वाढलेला. तीन वर्षांपूर्वी कंपनीने तिला हॅम्बर्गला पाठवलं. सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओवर तिच्या तक्रारी ऐकायला आम्ही पद्मिनीताईंच्या डायनिंग टेबलाशी जमायचो, कारण मजा यायची. तिथे रविवारी दुकानं बंद. रविवारी मिक्सर लावायचा नाही, लावला तर खालची बाई वर येते. काचेच्या बाटल्या रविवारी कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. एका रविवारी देवांगने भिंतीला फोटो लावायला दोन खिळे ठोकले, तर शेजाऱ्याने दारावर चिठ्ठी चिकटवली. प्रीता तेव्हा म्हणायची, "हे लोक क्रेझी आहेत, आई. मी अमेरिकन आहे, मला ट्वेंटी-फोर अवर्स ग्रोसरी पाहिजे."

मग हळूहळू तक्रारी थांबल्या आणि कौतुक सुरू झालं. भर हिवाळ्यात दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, घराला हवा द्यायची, हे आता तीच आम्हाला शिकवायची. रात्री स्वयंपाक नाहीच, पाव, चीज आणि काकडी, थंड. "इट्स सो पीसफुल," म्हणायची. पद्मिनीताई कॅमेऱ्यासमोर हसायच्या आणि फोन ठेवल्यावर मला म्हणायच्या, "रात्री गरम अन्न नाही पोरीच्या पोटात." पण ते तेवढ्यापुरतंच. खरं सांगायचं तर लेक तिथे रुळतेय याचा त्यांना अभिमानच होता. त्या स्वतःही एकदा परक्या देशात रुळल्याच होत्या की.

बातमी कळली त्या दिवशी पद्मिनीताई उठून डिंक विकत आणायला गेल्या. सुईणीचं वगैरे त्यांनी मनावर घेतलंच नाही. सुईण काय, नाळ कापेल आणि जाईल. खरं बाळंतपण त्यानंतरचं, सव्वा महिन्याचं, आणि ते करायला आई आहे. इतक्या जणींचं केलं, आता आपल्या लेकीचं. त्यांनी मला फोन करून विचारलं की हॅम्बर्गला बाजरी मिळेल की इथून न्यावी. मी म्हटलं, न्या. शेक द्यायला काय, तेल कोणतं, बाळाला न्हाऊ घालायला टब आहे की नाही, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आणि मग प्रीताने सांगितलं, आई, पहिले सहा आठवडे नको. नंतर ये.

कारण काय? म्हणे सुईण रोज घरी येते, दहा दिवस रोज, नंतरही येत राहते, इन्शुरन्समध्येच आहे. देवांगला रजा आहे. तिला स्वतःला आठ आठवडे कायद्यानेच काम करता येत नाही. तिथेही रीत आहे की बाळंतिणीने आठवडाभर खाटेवर पडून राहायचं, कुणी पाहुणे नाहीत, शांत. "सगळं अरेंज झालंय, आई. यू डोन्ट हॅव टू वरी."

पाहुणे. आईला पाहुण्यांत काढलं.

पद्मिनीताईंनी मला हे सांगितलं ते स्वयंपाकघरात, पाठ माझ्याकडे करून, कढईत काहीतरी ढवळत. आवाजात काही नव्हतं. "तिला नको असेल तर नको," एवढंच म्हणाल्या. पण डिंक भाजायचं थांबवलं नाही. रोज थोडे लाडू वळायच्या आणि डब्यात भरायच्या. डबा कुठे जाणार होता कुणास ठाऊक. मी ते बघून आले आणि घरी गाडी पार्क करताना ड्राइव्हवेतच मला रडू आलं, रागाने. म्हटलं, ही काय पद्धत झाली? आईने जन्मभर परक्या पोरींचं काढलं आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी एक सरकारी बाई मध्ये उभी. हिला कुणीतरी बोललंच पाहिजे. आणि बोलायला माझ्याइतकी हक्काची दुसरी कोण?

शनिवारी सकाळी मी हॅम्बर्गला व्हिडिओ लावला. प्रीता सोफ्यावर पोट सांभाळून बसली होती, मागे खिडकी उघडी. मी सुरुवातच केली, "काय गं, शहाणी झालीस का? आईला नको म्हणतेस? तुला कल्पना आहे का, ती बाई काय काय करते ते? माझ्या वेळी..."

"मला माहितीये मावशी," ती म्हणाली. "तुझ्या वेळी काय केलं ते मला माहितीये."

"माहितीये तर मग?"

"कॅन आय से समथिंग? तू रागावणार नाहीस?"

"मी ऑलरेडी रागावलेली आहे. बोल."

"आर्य झाला ना, तेव्हा माझा ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्ट होता. हायस्कूलचा. माझा सोलो होता, व्हायोलिनचा. बाबा कॅमेरा घेऊन आले. आई तुझ्याकडे होती. तुला ताप होता."

मला तो ताप आठवला. छाती दगडासारखी झाली होती, आर्य पीत नव्हता, आणि पद्मिनीताई गरम पाण्याच्या घड्या ठेवत बसल्या होत्या. मग त्यांनी मला चमच्याने अळिवाची खीर भरवली. ती खीर मी जन्मभर विसरणार नाही, असं मी कितीतरी वेळा चारचौघांत सांगितलंय. प्रीतासमोरसुद्धा.

"आय अंडरस्टँड, यार," प्रीता म्हणाली. "तुला खरंच ताप होता. मी तेव्हाही समजून घेतलं. मी नेहमीच समजून घ्यायचे. स्कूलमधून यायचे, टेबलावर नोट असायची, डबा फ्रीजमध्ये. मग आई घरी यायची आणि सांगायची, आज अमकीला चक्कर आली, तमकीचं बाळ पिवळं पडलंय. तुम्ही सगळ्या काय खाता, कधी झोपता, मला सगळं पाठ आहे, मावशी. शी वॉज सो गुड ॲट इट."

"मग तेच तर म्हणतेय मी..."

"नाही. ऐक ना. आता ती इथे येणार. बॅग घेऊन. तेल, शेक, लाडू, रुमाल. सकाळी सहाला उठवणार. आणि मला करणार, जसं तुला केलं, तसंच. मला तिची अजून एक बाळंतीण नाही व्हायचंय. त्या कामाला माझ्याकडे सुईण आहे, ती चांगली आहे. मला आई पाहिजे. नुसती. आणि ते कसं मागायचं मला येत नाही. मग मी म्हटलं, नको."

मी बोलायला फोन लावला होता आणि ऐकूनच बसले. फोन ठेवल्यावर मात्र राग आला तो आला. मला कुणी विचारलं होतं का? मला कुणी सांगितलं का तेव्हा, की पोरीचा सोलो आहे? सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, ताई, तुम्ही जा. म्हटलं असतं का, देव जाणे. ताप अंगात, पोर रडतंय, आई नागपूरला. कुणी आलेलं माणूस परत पाठवतं का अशा वेळी?

आणि मग मला या देशाचा राग आला, खराखुरा. हॅम्बर्गमध्ये एक बाई सायकलवरून रोज दाराशी येते, बाळंतिणीचं पोट बघते, बाळाचं वजन करते, आणि ते कुणाला विशेष वाटतसुद्धा नाही. तशी एक बाई इथे माझ्या दाराशी आली असती तर पद्मिनीताई त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून व्हायोलिन ऐकत असत्या. आम्हाला वाटायचं आपण काय जबरदस्त माणसं, परदेशात कशी एकमेकींना धरून आहोत. धरून होतोच. पण ज्या बाईला आम्ही सगळ्यांनी धरलं होतं, तिला घरी कुणीतरी धरायला बसलेलं होतं, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला असं एका बाईच्या गळ्यात टाकायची वेळच का यावी? अजून मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

दुपारी मी पद्मिनीताईंकडे गेले. त्या सुकं खोबरं भाजत होत्या. सांगू की नको असं माझं चाललं होतं, पण मला पोटात ठेवता येत नाही. सांगितलं सगळं, जसंच्या तसं.

त्यांनी गॅस बंद केला.

"काय वाजवलं होतं तिने?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत ताई."

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलंच नाही. घरी येऊन तुझाच ताप सांगत बसले असेन." मग खुर्ची ओढून बसल्या. "ती घरातच होती ना गं, मीनाक्षी. घरात बाप होता, जेवण होतं. मला वाटलं, तिला कुणी नको. ज्यांना कुणी नाही त्यांच्याकडे आधी जायचं."

मी म्हटलं, "आमची चूक नाही, तुमचीही नाही." त्यांनी मान हलवून ते उडवून लावलं.

त्यांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर, हाताला खोबरं लागलेलं होतं म्हणून. प्रीताने उचलला.

"मी येऊ का?" पद्मिनीताई म्हणाल्या. "बाळ होईल तेव्हाच. काही आणत नाही."

प्रीता म्हणाली, "तेल?"

"नाही."

"लाडू?"

"नाही."

"ओवा?"

पद्मिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग ये ना, आई," प्रीता म्हणाली.

लेकीच्या बाळंतपणाला रिकाम्या हाताने निघालेली आई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, आणि खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही. विमानतळावर मीच सोडायला गेले. खांद्यावरची बॅग एवढीशी, चार कपडे आणि स्वेटर. आत जायच्या आधी त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि ओव्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. "घे, तुझ्याकडे ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही," म्हणाल्या. त्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांना ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. शेवटी त्यांनी पासपोर्टच दोन्ही हातांनी धरला.

बाळ झालं, मुलगी, दोघी ठीक. मी आठवडाभर धीर धरला आणि मग फोन केला. पद्मिनीताईंनी उचलला, पण अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या.

"काय चाललंय ताई? ती सुईण काय करते?"

"काय सांगू तुला. बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या सताड. मी दोन स्वेटर घालून बसते आणि काही बोलत नाही. रात्री थंड पाव. खाते. ती बाई बडीशेपेचं पाणी पाजते, ते बरंय, आपलंच आहे. पण परवा प्रीताची छाती दुखत होती तर त्या बाईने काय करावं? फ्रीजमधून चक्का काढला आणि छातीवर थापला. श्रीखंडाचा चक्का, मीनाक्षी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"ब्र काढला नाही. उतरली सूज, मेली. सगळं दुसरेच करतात गं. मी नुसती बसलेली. इतकं अवघड काम मी कधी केलं नाही. काल प्रीताने मोबाइलवर ते वाजवलेलं ऐकवलं, ह्यांनी तेव्हा शूट केलेलं. दोनदा ऐकलं आम्ही."

"आणि आता काय करताय?"

"आता काही नाही. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. बाळ पलीकडे. पाय बधिर झालेत, पाण्याचा ग्लास लांब आहे."

तेवढ्यात फोनमधून बेल वाजलेली मला इथे ओहायोत ऐकू आली. हॅम्बर्गच्या त्या घराच्या दाराची. मग पुन्हा एकदा वाजली.

"सुईण आलीय वाटतं," पद्मिनीताई कुजबुजल्या. "देवांग आहे घरात. पण उठू का मी?"

"उठू नका," मी म्हटलं.

बेल तिसऱ्यांदा वाजली. कुणाचीतरी पावलं दाराकडे गेली. पद्मिनीताई बसून राहिल्या.